मरणाचा प्रवेश

भास्कर शितुतांचा मरणाचा प्रवेश म्हणजे गावच्या उत्सवातल्या नाटकाचं वैभव, असं निदान त्यांना स्वतःला वाटे. ते रंगमंचावर कोसळले की अख्खा मांडव डोळे पुसायचा. २००७ साली त्यांच्या लेकीने, मनस्विनीने, रत्नागिरीत घेतलेल्या नव्या मोबाइलवर तो प्रवेश टिपला. सकाळी चहा घेता घेता त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःला मरताना पाहिलं. काडेपेटीएवढ्या पडद्यावर एक ढेरपोट्या राजा छाती धरून गिरक्या घेत होता, पडून पुन्हा उठून बसत होता आणि मेल्यावर हळूच अंगरखा सारखा करत होता.

"मी असाच मरतो?" त्यांनी बायकोला विचारलं.

"दर वर्षी," मालिनीताई म्हणाल्या. "हसून हसून डोळ्यांत पाणी येतं हो आमच्या."

भास्करराव आधी ओशाळले. मग त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला आणि स्वतःच खो खो हसत सुटले. चहा तसाच टाकून ते नाटक बसवणाऱ्या आबांकडे गेले.

"आबा, पुढच्या वर्षी मला विनोदी भूमिका द्या."

आबा गोंधळून बघत राहिले. "अरे भास्कर, मग इतकी वर्षं तुला दुसरं काय देतोय?"