बाद ठरवलेली पट्टी

निरोगी माणसाचं रक्त हवं असलं की प्रयोगशाळेचे शिपाई भिकाजीमामा आपणहून बोट पुढे करायचे. हार्ट अटॅकच्या वेळी रक्तात उतरणारं प्रथिन काही मिनिटांत ओळखणारी, सोन्याच्या नॅनोकणांची पट्टी संपदा चार वर्षं घडवत होती. सोमवारी मामांच्या रक्ताचा थेंब पट्टीवर पडला आणि पडद्यावरचा आलेख सरळ वर चढला.

तिने पट्टी बदलली. पुन्हा तेच.

"मामा, बरं आहे ना?"

"थोडं पित्त झालंय ताई. सकाळपासून जळजळतंय."

चार वर्षं पाण्यात गेली, एवढंच तिच्या मनात आलं. सगळ्या पट्ट्या बाद ठरवून तिने मामांना दुपारीच घरी पाठवलं. संध्याकाळी हार्ट अटॅकने ते गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात तिचे गाईड हळूच म्हणाले, "म्हणजे आपली पट्टी बरोबरच सांगत होती."

"हो सर," ती म्हणाली. तिला रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं.

मामांच्या बायकोने तिचे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्ही लवकर सोडलंत म्हणून शेवटचे दोन तास तरी आमच्यात होते."