लाल बटण

सरकारचा हुकूम निघाला, प्रत्येक बसमध्ये बायकांसाठी लाल बटण हवंच. दाबलं की पोलिसांना कळेल. डेपोतल्या फिटरने सगळ्या बसमध्ये बटणं बसवली आणि साहेबांना विचारलं, "तारा कुठे जोडू?"

"कंट्रोल रूम झाली की बघू. तोवर सीटखाली गुंडाळून ठेव."

"म्हणजे लग्नाआधी बारसं!" फिटर हसला. साहेबही हसले. तपासणीवाले बटणांचा लाल रंग बघूनच खूश झाले, फिटरच्या पाठीवर थाप देऊन गेले.

घरी कॉलेजात जाणाऱ्या लेकीने विचारलं, "बाबा, खरंच पोलीस येतात?"

पाठीवरची थाप अजून ताजी होती. "न येऊन सांगतात कुणाला? तुझ्या बापाने बसवलंय ते!"

पुढच्याच आठवड्यात लेक फाटक्या बाहीने घरी आली आणि भिंतीला टेकून बसली. आईने दिलेलं पाणी तसंच राहिलं.

"अगं, पुढे ड्रायव्हर होता, कंडक्टर होता," आई तिला हलवत म्हणाली, "एकदा तरी ओरडायचंस!"

फिटर दारातच उभा होता.


"ओरडू कशाला?" लेक म्हणाली. "बाबांचं बटण दाबून धरलं होतं ना मी."