मामाचा हंडा

भांडी बाजारातल्या दुकानाच्या पायरीवर चिमणाबाईने पोतं सोडलं आणि एकेक पितळी भांडं दुकानदारापुढे मांडलं. नातीचं, पल्लवीचं लग्न तोंडावर आलं होतं. जुनं पितळ मोडीत द्यायचं आणि तिला स्टीलची भांडी घ्यायची, असं घरात ठरलं होतं. सून आशा शेजारी उभी राहून डब्यांची झाकणं लावून पाहत होती.

"ही परात माझ्या मावशीची," चिमणाबाई सांगू लागली. "तांब्या चुलत्याचा. अन् हा हंडा मामाचा. लग्नात तीन हंडे आले व्हते, दोन फुटले. हा मामाचा तेवढा टिकला. लय जड हाय, बघून घ्या."

"आजी, मोडीला नातं नसतं, वजन असतं," दुकानदार म्हणाला.

"तरी सांगते. माझ्या लग्नात समद्यांनी काही ना काही दिलं. एक माझी थोरली बहीण, नवसा, तेवढी हात हालवत आली. सख्खी बहीण."

"आई, त्यांना कशाला ते," आशा म्हणाली. "नवसामावशी गेल्यासुद्धा आता."

"गेली म्हणून काय झालं? खरं ते खरंच."

आशाने हातातलं झाकण पुन्हा डब्यावर बसवलं. नवसा हात हालवत आली, हे तिने घरातल्या प्रत्येक कार्यात ऐकलं होतं. नवसाबाई समोर बसलेली असतानाही ऐकलं होतं. पुढे नवसाबाई यायचीच बंद झाली. ती वारली तेव्हा घरातले सगळे पुण्यानुमोदनाला चांदवडला गेले. चिमणाबाई गेली नाही.

दुकानदाराने हंडा आडवा केला. तो चुलीवर तापून तापून काळा पडला होता आणि पुढे मोरीत राहून त्याच्यावर पाण्याचे पांढरे थर बसले होते. पितळ कसं आहे ते बघायला त्याने फडक्यावर ॲसिड घेतलं आणि हंड्याच्या गळ्याखाली घासलं. तिथे पिवळा पट्टा उमटला.

"नाव आहे यावर," तो म्हणाला. "असू दे. ठोकल्यावर कुठलं नाव अन् कुठलं गाव."

"थांबा," चिमणाबाई म्हणाली. "मी वाचते."

आशाने कपाळाला हात लावला. समाजमंदिरातल्या साक्षरता वर्गाला जायला लागल्यापासून सासूने काही वाचायचं सोडलं नव्हतं. आज अंबडहून येताना तिने बसच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचल्या होत्या. पाटी पुरी व्हायच्या आत बस पुढे जायची, आणि ती कंडक्टरवर चिडायची.

"वाचा की," दुकानदार हसून म्हणाला. "मामांचं नाव तरी कळू द्या आम्हाला."

अक्षरं ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली होती. चिमणाबाईने त्यांच्याखाली बोट धरलं.

"चि... म... णा... स." ती हसली. "आगं, माझंच नाव हाय. चिमणास."

बोट पुढे सरकलं. "न... व..."

बोट थांबलं. तिने पदराने तो पट्टा पुसला आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. अडलं की मागे जायचं, असं वर्गातल्या बाईंनी शिकवलं होतं. दुसऱ्या खेपेलाही बोट त्याच जागी थांबलं.

"आशा, तू वाच गं."

आशा वाकली. "चिमणास, नवसाकडून."

दुकानाच्या आत कुणाच्या तरी नव्या भांड्यावर नाव घालायचं मशीन घरघरत होतं.

"रोज यातून पाणी काढलंय मी," आशा म्हणाली.

घरात वाचता येणारे पुष्कळ होते. चिमणाबाईचा मुलगा राजू होता, आशा होती, पल्लवी होती. पण हंडाही वाचायचा असतो, हे कुणाला सुचलं नव्हतं. लग्नाच्या गडबडीत कुणीतरी मामाचा म्हणालं आणि तो मामाचा झाला होता.

दुकानदाराने उचललेला हातोडा खाली ठेवला. "हा बाजूला काढू का, आजी?"

चिमणाबाईने हंडा स्वतःकडे ओढला. ती हंड्याच्या गळ्यावर हात ठेवून बसून राहिली.

"पण मावशींनी तरी सांगायचं," आशा हळू आवाजात म्हणाली. "हा माझा म्हणून दाखवायचा."

"उठली व्हती दाखवायला." चिमणाबाई आशाकडे न बघता बोलत होती. "राजूच्या बारशाला. मी चारचौघींत बोलले, तशी उठली. म्हणली, चिमणे, मी हंडा दिलाय, वर नाव घालून दिलाय. मी म्हणलं, दाव मग."

"मग?"

"तिन्ही हंडे मांडणीवरनं खाली घेतले तिनं. फिरवून फिरवून पाह्यले. हात लावून पाह्यला. तिन्हींवर अक्षरं व्हती."

"अन् कुणी वाचलं नाही?"

"कोण वाचणार? बायाच व्हतो समद्या."

चिमणाबाईने हंडा फिरवून नाव आपल्याकडे केलं.

"मग तिनं एकेक हंडा पदरानं पुसला," ती म्हणाली, "अन् व्हता तसा जागच्या जागी लावून ठेवला."