फुंकर

हेरंबने मुद्दाम शर्वरीचा पत्त्यांचा बंगला पाडला आणि लेकीच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे कान लावून बसला. तिचा राग चढून नाडी धावू लागली की तो पट्टा तिच्या आईच्या आवाजात बोलायचा, "फुंकर घाल गं सोने, राग गरम आहे." आई गेल्यावरही तो बोलत राहिला होता. पण चावणारी, दप्तर भिरकावणारी पोर हळूहळू निवत गेली, शाळेतल्या बाई खूश झाल्या आणि पट्टा मुका झाला.

शर्वरी लालबुंद झाली. मग ओठांचा चंबू करून तिने आपणहूनच लांब फुंकर घातली. पट्टा गप्पच.

"तुलाही आईला ऐकायचं होतं ना, बाबा?" पत्ते गोळा करत ती म्हणाली. "मीपण खूपदा चिडून बघितलं. आता जमतच नाही."