भेटीचं रडणं

हुमेरा मॅडम चप्पल काढायला वाकली न वाकली तोच पुजानं तिच्या गळ्यात हात टाकले आणि भोकाडच पसरलं.

शाळेचा सगळा व्हरांडा भोवती गोळा झाला. होणारच की! शाळेत आल्यापासून या पोरीनं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. विजयकुमार गुरुजींनी तर तिला हिंगोलीला, मुक्या लेकरांच्या शाळेत धाडायचं पक्कं केलं होतं. तेच सांगायला आज बंजारा तांड्यावरून तिच्या आईला बोलावलं होतं.

"काय झालं? कोणी मारलं का?" गुरुजींची धांदल उडाली. "मॅडम, आधी गप्प करा तिला!"

हुमेरानं गप्प केलं नाही. आई वारल्यामुळे महिनाभर रजेवर होती ती. आल्या आल्या हे काय, तिला कळेना. पण या रडण्याला चाल होती. एकेक ओळ लांब ओढून पोरगी हुंदक्यावर सोडत होती. तांड्यावरच्या गोरमाटी बोलीतून मधूनच ओळखीचं काही कानावर येई: खिचडी, गुरुजी.

"काय म्हणते हो ही?" तिनं पुजाच्या आईला विचारलं.

"भेट घेऊन राहिली, मॅडम. आमच्यात आपलं माणूस लई दिसानं भेटलं की बाया अशाच गळ्यात पडून, रडून सगळं सांगतेत. शेळी व्याली, म्हणते. खिचडीत मीठ न्हाई, म्हणते. अन्..." ती गुरुजींकडं बघून थांबली.

"सांगा, सांगा," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी मला मुकी म्हणतेत, म्हणते."

गुरुजींचा चेहरा पडला. "एवढं बोलते ही?"

"तांड्यावर तोंड धरावं लागतं तिचं!"

रडणं एकदम थांबलं. पुजा मान वर करून मॅडमकडं बघत राहिली.

"तिचं झालं," आई म्हणाली. "आता तुमची पाळी. तुमचं सांगितल्याबिगर ती सोडायची न्हाई."

पुजाला तशीच धरून हुमेरा खाली टेकली. महिनाभर जो तो तिला 'सबर करा, धीर धरा' म्हणून गेला होता. कसं झालं, हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनं तोंड उघडलं, पण शाळेतली मराठी काही येईना. आली ती घरची बोली.

"अम्मी गयी गे, पुजा. मैं पोचनेके पहलेच गयी..." आणि ती ढसाढसा रडू लागली.

पुजानं हात सोडले नाहीत. मॅडमची पाठ थोपटत, गुरुजींच्या देखत, तिनं चक्क मराठीत विचारलं,

"मंग?"