पूर कशाला म्हणायचं

"गेल्या दहा वर्षांत दुकानात पूर आला का?" बन्सीनं फॉर्मवरचा सातवा प्रश्न वाचला.

"नाय," कमरुन्निसा म्हणाली. "एकदा बी नाय."

बन्सीनं 'नाही'च्या चौकटीवर पेन टेकवलं आणि तसंच उचललं. गडी कन्नड तालुक्याकडचा, विमा कंपनीत लागून जेमतेम चार महिने झालेले. प्रश्न विचारायचा, खूण करायची, सही घेऊन निघायचं, असं त्याला साहेबांनी बजावून ठेवलं होतं. पण नसत्या चौकशीची त्याला भारी खोड.

आणि दुकान तर चौकशी करावी असंच होतं. पाणचक्कीच्या खालच्या अंगाला, खाम नदीला पाठ लावून बसलेलं गादीघर. कापूस पिंजायचं कोरं करकरीत मशीन छातीएवढ्या दगडी ओट्यावर चढवलेलं. लाईटचं बोर्ड पार छताजवळ, बटण दाबायला स्टुलावर चढावं लागे. कापसाची पोती, खोळी, सगळं माळ्यावर. जमिनीवर म्हणाल तर एक स्टूल आणि कोपऱ्यात खाट, तिच्यावर कमरुन्निसाची सासू जहांआरा धागे ओवत बसलेली. खाटेचे पायसुद्धा विटांवर.

"भाभी, मग हे सगळं वर कशापायी?"

"पाणी येतं ना."

"कुठून?"

"नदीतून. आनखी कुठून?"

बन्सी हसला. "मग पूर आला म्हणा की."

"नाय भाऊ. पाणी आलं."

ती थट्टा करत नव्हती. बन्सीला गंमत वाटायला लागली. तो स्टुलावर नीट बसला आणि विचारत सुटला. घोट्याइतकं आलं तर काय म्हणता? पाणी शिवून गेलं. गुडघ्याइतकं? पाणी आलं. कंबरेला लागलं आणि दोन दिवस हललंच नाही तर? पाणी बसलं. मागच्या साली तेच बसलं होतं आणि जुनं मशीन घेऊन गेलं. हातातल्या बांगड्या मोडून हे नवं आणलं. हेही गेलं तर गादीघराला कुलूप, हे तिनं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. त्यासाठीच तर विमा.

"आणि गळ्याला लागलं तर?"

"तर आम्ही शाळंत जाऊन ऱ्हातो. पन ते बी पाणीच."

बन्सीनं कपाळाला हात लावला. "भाभी, कंपनीला शिवलेलं आन् बसलेलं कळत नाय. नदीचं पाणी उंबऱ्याच्या आत आलं की त्यांच्या लेखी पूर. तुम्ही इथं नाही म्हणून सही केली, उद्या मशीन बुडालं, तर पाहायला येणारा माणूस शेजारी विचारंल. बाईनं लपवलं म्हणून हात वर करतील."

"आन् हो लिहिलं तर?"

"तर विमा महाग पडंल. कदाचित नको बी म्हणतील. पण खोटं लिहिलं तर मशीन गेल्यावर काहीच हाती यायचं नाय."

"खोटं तर तुम्हीच लिवायला लावताय," कमरुन्निसा चिडली. "पूर आला नाय आन् आला म्हणून मी सही करू? अल्लाला काय तोंड दाखवू?"

आता आली का पंचाईत. लबाडी करणाऱ्या गिऱ्हाइकाला कसं धरायचं, ते बन्सीला शिकवलेलं होतं. खरं बोलून फसणाऱ्या बाईचं काय करायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"बरं, मग तुमचा पूर म्हणजे काय, ते तरी सांगा," तो म्हणाला.

कमरुन्निसानं एकदा सासूकडं पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ओसरल्यावर मोहल्ल्यात सामान मोजलं तर पाणी. मानसं मोजावी लागली तर पूर. तो एकदाच आला. मी लगीन होऊन यायच्या आधी. अम्मींची लेक शकिला गेली त्याच्यात. नऊ वर्षांची होती."

बन्सीला वाईट वाटलं, आणि पेन हातात धरून बसल्याची लाजही वाटली. खाटेवर म्हातारी सुईत धागा ओवतच होती.

मग त्यानं फॉर्म कमरुन्निसाकडं फिरवला आणि म्हणाला, "असं करू. वर तुमचे शब्द लिहितो. 'नदीचं पाणी आत आलं.' किती वेळा ते सांगा. पूर म्हणायचं का नाय ते कंपनी ठरवंल. तुमची सही फक्त पाण्याखाली."

हे तिला पटलं. ती बोटं दुमडत मोजू लागली. शेजारच्या रेशमाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी एक. एका साली गणपती बसले त्या दिवशी एक. मागच्या साली दोनदा, आणि कोरोनाच्या साली एकदा. पाच झाले. बन्सीनं पाच लिहिलं, नियमाप्रमाणं 'हो'च्या चौकटीत खूण केली आणि तिनं सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

तो कागद आवरत होता तेव्हा म्हातारी पहिल्यांदा बोलली.

"बेटा, पाच लिवले. माझा पूर धरला का?"

"किती साल झाले, खाला?"

"चाळीस."

"मग नाय बसत त्यात. दहाच वर्षांचं लागतं."

जहांआरानं सुई गादीत टोचून ठेवली.

"तुमची कंपनी पाण्याला पूर म्हनती. म्हनू दे," ती म्हणाली. "मग माझी पोर ज्यात गेली, त्याला आता काय म्हनायचं, तेवढं सांगून जा."