चेंडूच्या आधी

सहा सेकंद आणि वर चार दशांश. गावेराबाईंनी घड्याळ दोनदा पाहिलं, आकडा वहीत लिहिला आणि पुढच्या मुलीला खूण केली. नोलिन गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिली. तारेच्या कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणालं, "ही पळतेय की रताळी खणायला निघालीय?" तसे झाडांवर चढून बसलेले लोकही हसले.

सिऊने नावाचा माणूस हसला नाही. तो नोलिनचा मामा. कुंदियावा गावातल्या मुलींना तो रग्बी शिकवायचा, आणि गेली चार वर्षं रोज पहाटे या भाचीला डोंगराच्या चढावर पळवायचा. चार वर्षांत तीन दशांश कमी झाले होते. त्यापुढे घड्याळ हलायला तयार नव्हतं.

राजधानीहून, मोर्सबीहून आलेल्या गावेराबाईंना देशाच्या संघासाठी एकच फुलबॅक न्यायची होती. सगळ्या संघाच्या मागे एकटी उभी राहणारी, जिच्यामागे फक्त रेघ असते ती. तिने चाळीस मीटर सहा सेकंदांच्या आत पळावं, असा त्यांचा नियम होता. नोलिननंतरची मुलगी डेल्मा, इथली, गोरोकाचीच. ती पाच सेकंद सहा दशांशात पळाली. कुंपणापाशी शिट्ट्या वाजल्या. तिची पावलं पाहताना सिऊनेच्या पोटऱ्या आपोआप ताठल्या. एके काळी तो असाच पळायचा. त्या पायांवरच मोर्सबीवाल्यांनी त्याला उचलून नेलं होतं आणि एका हंगामात परत धाडलं होतं.

दुपारी सामना लावला. आधी डेल्मा मागे उभी राहिली. उंच उडालेल्या दोन चेंडूंपर्यंत ती अशी झेपावली की लोक उभेच राहिले. तिसरा मात्र तिच्यापुढे पडला, वेडावाकडा उसळला आणि समोरच्यांच्या हातात गेला. चौथ्याचंही तेच झालं.

मग नोलिनची पाळी आली. ती फारशी पळालीच नाही. चार पावलं इकडे, सहा तिकडे, आणि चेंडू येऊन तिच्या छातीशी थांबायचा. पाहणाऱ्यांना वाटावं, किक मारणारीच बिचारी वाईट मारतेय. एकदाच काय ती, आता समोरून खेळणारी डेल्मा फट शोधून सुटली. मोकळ्या मैदानात नोलिन तिच्यामागे धावली आणि दर पावलाला मागे पडत गेली. डेल्माने रेघेपलीकडे चेंडू टेकवून गुण घेतले. कुंपणापलीकडचा तो रताळीवाला पुन्हा काहीतरी बोलला.

सामना संपल्यावर बाईंनी सिऊनेला बाजूला बोलावलं. मुलगी डोळस आहे, त्या म्हणाल्या, पण ऑस्ट्रेलियाच्या मुली वाऱ्यासारख्या पळतात. तुम्ही पळणारे होतात. मामा म्हणून नको, पळणारा म्हणून सांगा.

"हिचा वेग वाढेल का?"

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. सिऊनेने तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारली.

"नाही," तो म्हणाला. "जेवढा वाढायचा तेवढा वाढला."

बाईंनी वही मिटली. तेव्हा मात्र तो न थांबता बोलला. गावात त्याने सांगितलं होतं की गुडघा गेला म्हणून परत आलो. बायकोलाही तेच सांगितलं होतं.

"गुडघा ठणठणीत होता, बाई. मी प्रत्येक चेंडूपर्यंत पोहोचायचो. तो पडून गेल्यावर."

आज नोलिन किती वेळा चुकली, असं गावेराबाईंनी विचारलं. एकदा, तो म्हणाला. डेल्मा किती वेळा, ते त्यांनी विचारलं नाही. वही उघडून त्यांनी नोलिनचं नाव लिहिलं. डेल्माला कडेला खेळवू, म्हणाल्या, तिथे पाय लागतात. दोघींनी सोमवारच्या विमानाला यावं.

लोक पांगले. कुंदियावाकडे जाणारा ट्रक रस्त्यावर माणसं भरत होता. बूट सोडता सोडता नोलिन एकसारखी बोलत होती. मोर्सबीला खूप उकडतं का, समुद्र खोलीतून दिसतो का, आईला कोण सांगणार. सिऊने हूं हूं करत होता. मग त्याने विचारलं, चेंडू कुठे पडणार हे तुला आधी कसं कळतं?

तिला वाटलं, मामा थट्टा करतोय.

"किक मारायच्या आधी तिचा खांदा वळतो ना," ती म्हणाली. "तुला नाही दिसत?"

सिऊनेने पिशवीतून चेंडू काढून तिच्या हातात दिला आणि चालत चालत पार मागे, रेघेजवळ जाऊन उभा राहिला. मार, म्हणाला. तिने हसत, अनवाणीच किक मारली. तो तिच्या खांद्याकडे टक लावून होता. खांदा वळला असेल, त्याला काही दिसलं नाही. चेंडू आभाळात गेला तेव्हा त्याचे पाय सुटले, एकोणचाळिसाव्या वर्षीही सुसाट सुटले. तो पोहोचला तेव्हा चेंडू गवतावर आपटून भलतीकडेच निघाला होता.

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. नोलिनने हाक मारली, मामा, चल ना, जागा जाईल.

सिऊनेने चेंडू तिच्याकडे फेकला आणि पुन्हा मागे आपल्या जागी गेला.

"अजून एकदा," तो म्हणाला. "जरा सावकाश मार."